शिक्षकांचं दार, विद्यार्थ्यांचं दार: कोल्हापुरातल्या एका जुन्या इंग्रजी साईटचं प्रकरण

जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी पाचवीत भेटायचं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतानाचा हा निर्णय, त्यावर तेव्हा भरपूर भांडणं झाली, पण भांडणं होईपर्यंत जून उजाडला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत जे गुरुजी आणि बाई गणितापासून कवायतीपर्यंत सगळं एकट्यानं घ्यायचे त्यांच्याच गळ्यात इंग्रजीही पडलं. ए बी सी डी शिकवायला कोणी घाबरत नव्हतं. घाबरायचे ते वर्गात सलग चार वाक्यं इंग्रजीत बोलायला, ते पण पोरांसमोर, आणि दारात केंद्रप्रमुख उभे असतील तर विचारूच नका.

आत्ता शिक्षणाच्या साईट आणि ॲप काढणारी बरीच मंडळी भेटतात आणि जवळपास सगळे पहिल्याच पानावर दोन बटणं ठेवतात, एक शिक्षकांसाठी, एक विद्यार्थ्यांसाठी. आम्हीपण आमच्या इंग्रजी शिकवायच्या साईटवर तसंच केलेलं. त्याचं पुढं काय झालं ते सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हे.

मी त्या वेळी राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासला शिकवायचो. क्लासच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे, तोही बघायचो. मंगळवार पेठेतल्या एका हायस्कूलच्या इंग्रजीच्या मॅडम तिथं यायच्या, शिस्तीच्या, हातात वही, आल्या की थेट परदेशी साईट उघडून व्यायाम उतरवून घ्यायच्या कारण प्रिंटचे पैसे जास्त लागायचे. दुसरे एक गुरुजी, गगनबावड्याकडच्या शाळेतले, शनिवारी दुपारी एसटीनं यायचे, मूळ काम पंचायत समितीचं किंवा बँकेचं असायचं आणि जाताजाता इकडं. या दोघांची माझ्याच कॅफेत ओळख झाली आणि मॅडम म्हणाल्या की हे सगळं आपल्या पोरांसाठी आपणच का नाही करायचं. तुम्हाला पानं बनवता येतात ना? येत होती, नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानांचा कोड, लिहून.

तेव्हा बाहेर काय होतं ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, आणि सुरुवातीची स्वस्तातली शेल अकाउंटं म्हणजे नुसती अक्षरं, चित्रबित्र काही नाही. गंमत अशी की इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या ज्या साईट पुढं जगभर गाजल्या त्यातल्या काही नेमक्या त्याच वर्षी सुरू झाल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्ह स्पर्लिंगनं १९९५ मध्ये ‘डेव्हज ईएसएल कॅफे’ काढलं, आणि जपानमधून चार्ल्स केली आणि लॅरी केली यांनी त्याच साली ‘इंटरनेट टीईएसएल जर्नल’ सुरू केलं जे दरमहा निघत २०१० पर्यंत चाललं. या जर्नलची पानं बघितली तर आजच्या पोरांना वाटेल की अर्धवट राहिली आहेत. पांढरी पाटी, काळा मजकूर, निळ्या लिंका. पण आमच्या कॅफेत सगळ्यात आधी तीच उघडायची. मोडेमवर लिहिलेलं ५६ के, प्रत्यक्षात सेकंदाला तीन-चार केबी आले तर दिवस चांगला, म्हणजे शंभर केबीचं पान उघडायला अर्धा मिनिट, आणि इथं तासाला तीस-चाळीस रुपयांचा मीटर चालू. नकाशे, हलणारी चित्रं, सरकत्या पाट्या असलेली साईट उघडली की गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघायचं की जणू मीच मुद्दाम हळू सोडलंय.

मग स्वतःची साईट कशाला, जे आहे ते वापरा की, असं मी मॅडमना म्हणालो होतो. त्यांनी वही उघडून दाखवली. त्यात एक पूर्ण व्यायाम ‘एल’ आणि ‘आर’ यांच्यातल्या फरकाचा, लाईट का राईट, लाँग का राँग. जपानी, कोरियन मुलांना हे लई अवघड जातं म्हणून त्या साईटवर असले व्यायाम भरभरून होते, पण आपल्या पोराला ल आणि र मध्ये काय अडचण? पाळण्यातच कळतं. आपल्याकडं घोळ होतो ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मध्ये, दोन्हीला आपला एकच व, त्यामुळं व्हेस्ट आणि वेस्ट एकच. त्याच्यावर फार कमी मिळायचं. दुसरं म्हणजे काळ. ‘मी दोन वर्षांपासून इथं राहतो’ हे मराठीत साधं वर्तमानकाळातलं वाक्य, त्यामुळं पोरगं सरळ म्हणतं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’, आणि त्यात चूक काय ते त्याला कळतच नाही कारण मराठीत त्यानं काहीच चुकवलेलं नाही. परदेशी साईटवर सिन्स आणि फॉरचे व्यायाम होते, पण चूक इथून येते हे सांगणारं कोणी नव्हतं. ए, ॲन, द चं तर विचारूच नका, आपल्या भाषेत ती भानगडच नाही. म्हणजे मराठी पोरांच्या चुका धरून बनवलेली पानं पाहिजेत आणि ती आपल्याशिवाय कोण करणार, हा मॅडमचा मुद्दा. मला तो तेव्हाही पटला आणि आजपण वाटतं की या सगळ्या प्रकरणात तोच सगळ्यात शहाणपणाचा विचार होता.

बालभारतीच्या पुस्तकातले धडे मात्र घ्यायचे नाहीत हे मॅडमनी पहिल्याच दिवशी ठरवलं. कॉपीराईट. मी म्हणालो कोल्हापुरात कोण बघतंय, तर म्हणाल्या मी बघतेय.

पहिली अडचण मराठीची. चूक का होते ते मराठीतच सांगायला पाहिजे, पण कॅफेत विंडोज ९८, तिथं युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशीनवर वेगळा फॉन्ट न टाकता वाचता येणारी, काही नीट दिसेना. छपाईची पानं लावणारे डीटीपीवाले मराठी टाईप करायला श्रीलिपी वापरायचे, आमच्याकडं शिवाजी फॉन्ट पण होता, पण तो फॉन्ट समोरच्या मशीनवर नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं आपोआप उतरणारे फॉन्ट वापरायची, पण एक्सप्लोरर ब्राउझरला वेगळा प्रकार लागायचा आणि नेटस्केपला वेगळा, ते आमच्या कुवतीबाहेरचं. शेवटी मराठी वाक्य श्रीलिपीत टाईप करायचं, त्याचं दोन रंगांचं जिफ चित्र करायचं आणि पानात टाकायचं असं ठरलं. एक ओळ म्हणजे दोनेक केबी, परवडण्यासारखं. याचा एक फायदा झाला जो आम्ही मागितला नव्हता. प्रत्येक ओळीला वजन असल्यामुळं मॅडमना स्पष्टीकरण दोन ओळींत बसवावं लागलं, आणि ज्या माणसाला फळ्यावर अर्धा तास सिन्स-फॉर समजवायची सवय त्यानं ते दोन ओळींत बसवलं की ते खरंच समजतं. तोटा असा की वेलांटी चुकली की पूर्ण चित्र परत. मॅडम ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत कसल्या कडक, मी कितीतरी रात्री नुसत्या वेलांट्या दुरुस्त केल्या.

साईट उभी राहिली एका फुकट होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवर साईट ठेवायच्या जागेवर. त्या काळी जिओसिटीज, ट्रायपॉड, एंजलफायर असल्या फुकट जागा मिळायच्या. आम्ही घेतलेल्या जागेवर, नाव नको, वर जाहिरातीची पट्टी यायची आणि वेगळी खिडकी उघडायची, त्यात कधी काय दिसेल नेम नाही. एकदा शाळेतल्या एका शिक्षकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर साईट उघडली आणि नको ती जाहिरात आली. मॅडम आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. शेवटी पैसे गोळा करून स्वतःचं डोमेन आणि थोडी जागा घेतली, क्रेडिट कार्ड कोणाकडंच नव्हतं, डिमांड ड्राफ्ट काढून मुंबईच्या एका मध्यस्थाला पाठवला. तिथं गेल्यावर अर्ध्या लिंका मेल्या, कारण विंडोजवर फाईलचं नाव कॅपिटलमध्ये लिहा नाहीतर स्मॉलमध्ये, चालतं, आणि तिकडचा सर्व्हर युनिक्सचा, त्याला दोन्ही वेगळं. हे एकदा कळलं की पाच मिनिटांचं काम, कळेपर्यंत डोक्याला ताप.

आता मूळ मुद्दा, त्या दोन दारांचा.

होमपेजवर आम्ही दोन मोठ्या लिंका ठेवल्या होत्या. शिक्षकांच्या भागात पाठाचा आराखडा, वर्गात घ्यायचे खेळ, वर्कशीट आणि उत्तरं. विद्यार्थ्यांच्या भागात क्विझ, क्लिक केलं की बरोबर का चूक ते लगेच. कागदावर एकदम स्वच्छ. आणि मी तर कॅफेतच बसलेला, त्यामुळं कोण काय उघडतंय ते मला भेटी मोजणाऱ्या काउंटरची गरज न पडता दिसत होतं.

अकरावी-बारावीची आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासची पोरं यायची ती सरळ शिक्षकांच्या दारातून आत. उत्तरं तिथं आहेत हे त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती. आणि शिक्षक? शिक्षक गुपचूप विद्यार्थ्यांच्या दारातून. आजूबाजूला बघायचं, मॉनिटर थोडा वळवायचा आणि क्विझ सोडवायला बसायचं. चूक आली की पटकन बॅक. तालुक्याच्या प्रशिक्षणाला आलेल्या बाईंचा एक ग्रुप यायचा, त्या एकमेकींना दिसणार नाही अशा मशीनवर बसायच्या आणि प्रत्येकीच्या स्क्रीनवर तीच आठवीची क्विझ. कोणी विचारलं की म्हणायच्या, पोरांसाठी बघतेय. कॅफेत ज्याला लाज वाटत नव्हती तो एक गुरुजीच. ते मोठ्यानं वाचायचे आणि चूक आली की मोठ्यानं हसायचे.

हे मी मॅडमना सांगितलं तर त्यांना पहिल्यांदा पटलं नाही. त्यांचं म्हणणं उत्तरांचा भाग पासवर्डनं बंद करा, मग पोरं आपोआप त्यांच्या जागी जातील. मी जावास्क्रिप्टमधला एक साधा पासवर्ड टाकला. आठवड्याच्या आत तो शाहूपुरीतल्या एका क्लासच्या फळ्यावर लिहिलेला होता म्हणे. त्याहून भारी म्हणजे एका पोरानं पानावर राईट क्लिक करून व्ह्यू सोर्स केलं आणि क्विझची सगळी उत्तरं त्याला कोडमध्येच सापडली, कारण मी ती तिथंच लिहिली होती, त्या काळी सर्व्हरवर काही चालवायची सोय आम्हाला नव्हती, सगळं पानातच. त्या पोरानं ही विद्या बाकीच्यांना दिली. इंग्रजी किती सुधारलं माहीत नाही, पण एचटीएमएल बरंच जण तिथं शिकले.

पुढं आम्ही हॉट पोटॅटोज वापरायला लागलो, कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, रिकाम्या जागा, जोड्या लावा, शब्दकोडं, वाक्याचे तुकडे जुळवा असले व्यायाम त्यात कोड न लिहिता व्हायचे. ते ना-नफा शैक्षणिक कामाला फुकट होतं, पण अट अशी की बनवलेली पानं वेबवर सगळ्यांना खुली पाहिजेत. म्हणजे कुलूप लावायचा प्रश्नच मिटला. मी मॅडमना ती अट वाचून दाखवली, त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “ठीक आहे, मग कुलूप नको. पण उत्तराच्या आधी कारण येऊ दे.” त्यानंतर प्रत्येक उत्तराच्या वर एक मराठी ओळ आली, चूक केलीस तर का केलीस ते सांगणारी. उत्तर चोरायला आलेल्या पोराला निदान ती ओळ ओलांडून जावं लागायचं.

दारांचा तिढा गुरुजींनी सोडवला. आमचा वाद चालू असताना ते चहा पीत बसलेले, म्हणाले, “ओ मॅडम, ते कुणासाठी हाय ते ऱ्हाऊ द्या. मला सोमवारी वर्गात काय करायचं ते द्या, आणि रात्री घरी बसून मला काय शिकायचं ते वेगळं द्या. दोन्ही मलाच पाहिजे.” आम्ही पाट्या बदलल्या. एका दारावर ‘वर्गात वापरायला’, दुसऱ्यावर ‘स्वतः करून बघायला’. मजकूर तोच, एक फाईलसुद्धा हलवली नाही. पण बाईंनी मॉनिटर वळवायचा बंद केला, कारण स्वतः करून बघायला कोणालाही हरकत नसते, शिक्षकाला विद्यार्थी म्हणवून घ्यायला असते. पोरंही आता क्विझकडं जायला लागली, सगळी नाही, पण जायला लागली, ‘शिक्षकांसाठी’ या शब्दातच जी चोरून बघायची मजा होती ती गेली असावी.

वर्गात वापरायच्या पानांचं खरं आयुष्य मात्र स्क्रीनवर नव्हतंच, कागदावर होतं. गगनबावड्याच्या शाळेत तेव्हा कॉम्प्युटर नाही, फोन गावात एक, पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. गुरुजी इथून एक प्रिंट न्यायचे, स्टँडजवळ झेरॉक्स काढायचे आणि केंद्रातल्या बाकीच्या शाळांना वाटायचे. त्यामुळं पान एका ए-फोर कागदावर बसलंच पाहिजे असा नियम झाला. वरच्या अर्ध्यात शिक्षकानं मोठ्यानं बोलायची वाक्यं, अगदी स्टँड अप, ओपन युवर बुक्स पासून, खालच्या अर्ध्यात कापून वाटता येईल असं वर्कशीट. रुंद टेबल असलं की प्रिंटमध्ये उजवीकडचा शेवटचा शब्द कापला जायचा आणि इंग्रजीच्या वर्कशीटमध्ये शेवटचा शब्द गेला तर राहिलं काय, म्हणून सगळी टेबलं अरुंद केली. जिफमधली मराठी प्रिंटला दातेरी यायची, ती मोठी करून घेतली. रंगीत पार्श्वभूमी तर मी आधीच काढून टाकली होती, झेरॉक्सला काळी यायची. आज ज्याला लोक साधं सुंदर डिझाइन म्हणतील ते आमच्याकडं झेरॉक्स मशीनमुळं झालं.

आणि सगळी साईट एका फ्लॉपीत मावायची, १.४४ एमबीच्या. हे मुद्दाम केलेलं. ज्या हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर होता पण इंटरनेट नव्हतं तिथं फ्लॉपी जायची, ब्राउझरमध्ये तशीच्या तशी उघडायची, कारण काहीच सर्व्हरवर अवलंबून नव्हतं. जी गोष्ट आम्हाला उणीव वाटत होती तिच्यामुळंच हे जमलं. नेटवरून किती जणांनी बघितली ते काउंटर सांगायचा, फ्लॉपीवरून किती जणांनी बघितली ते कोणीच सांगू शकत नाही, आणि माझा अंदाज आहे की दुसरा आकडा मोठा असणार.

जे अजिबात जमलं नाही ते आवाजाचं. ज्या व्ही-डब्ल्यूसाठी एवढा खटाटोप सुरू केला तेच कागदावर शिकवता येत नाही. लिहून काय सांगणार, वरचे दात खालच्या ओठाला टेकव आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू कर, एवढंच. मॅडमच्या आवाजात रेकॉर्ड करून बघितलं. अगदी हलक्या दर्जाची वेव्ह फाईल, ११ किलोहर्ट्झ, आठ बिट, तरी एका मिनिटाला साडेसहाशे केबीच्या आसपास. म्हणजे दोन मिनिटं बोललं की फ्लॉपी संपली आणि कॅफेत उतरवायला प्रत्येक मिनिटामागं तीन-साडेतीन मिनिटं. एमपीथ्री करून आकार कमी झाला, पण कॅफेतल्या मशीनना स्पीकरच नव्हते, मालकानं काढून ठेवलेले, पोरं गाणी लावतात म्हणून. शेवटी कॅसेट. पानावर नंबर, कॅसेटवर तोच नंबर बोलायचा आणि मग शब्दांच्या जोड्या. टेपरेकॉर्डर निदान बऱ्याच शाळांत होता. पण कॅसेट पुढंमागं करत नंबर शोधण्यात तास जायचा, दोन-तीन शाळा सोडल्या तर कोणी वापरली नाही. मी याला साफ फसलेला भाग म्हणतो, मॅडम आजपण तसं म्हणू देत नाहीत.

साईट बंद कशी पडली ते सांगण्यासारखं फार नाही. मेमधल्या एका वळवाच्या पावसात फोनच्या लायनीतून वीज आली, मोडेम गेलं, त्याच्याबरोबर मशीनही. ते परत घेतलं. पण ज्या मध्यस्थाला ड्राफ्ट पाठवायचो त्यानं धंदा गुंडाळला आणि डोमेन त्याच्या नावावर होतं. ते गेलं ते गेलंच. तोवर विंडोज एक्सपी आलेलं, युनिकोड मराठी सरळ दिसायला लागलेलं, म्हणजे सगळी जिफं परत टाईप करायची होती, आणि मी क्लास सोडून नोकरीला लागलो होतो. पानांची सीडी दोन-तीन जणांकडं राहिली.

गेल्या वर्षी राधानगरी तालुक्यातल्या एका तरुण शिक्षिकेनं कुठून तरी त्यातली वर्कशीटं मिळवून मला फोन केला, ती परत टाकायची आहेत, परवानगी पाहिजे म्हणून. मी म्हणालो टाका, फक्त जिफमधली मराठी नव्यानं टाईप करा आणि व्ही-डब्ल्यू तुमच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, जे आम्हाला जमलं नाही ते तुम्हाला आता दहा मिनिटांत जमतंय. तिनं विचारलं की दारं किती ठेवू, तर मी वर लिहिलेलं सगळं सांगितलं. मग तिचा प्रश्न आला की मराठी ओळी तपासणार कोण. मॅडम आता पुण्याला मुलाकडं असतात, ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना विचारलं. तपासते म्हणाल्या. तिनं व्हॉट्सॲपवर फाईल पाठवल्या तर मॅडमचा मला फोन, “तिला सांग, प्रिंट काढून पोस्टानं पाठव. स्क्रीनवर मला वेलांट्या दिसत नाहीत.”